पट्टी पिवळ्यावर थांबली

आज वहिनीसोबत तिच्या अंगणवाडीत गेलो होतो, दिंडोरीच्या बाजूला. द्राक्षाच्या छाटणीला सुरगाण्याहून आलेली एक बाई दोन वर्षांचं पोर घेऊन दारातच उभी. आत यावं की नाही, असं. वहिनीने पोराच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी गुंडाळली. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. पट्टी पिवळ्यावर थांबली, लाल थोडक्यात हुकलं.

नाव गावच्या अंगणवाडीत, पोर इथं मळ्यावरच्या झोपडीत. आई-बाप उजाडताच बागेत. चूल पेटते ती रात्रीच. अंगणवाडीची योजना १९७५ पासूनची, पण हंगामागे गाव बदलणाऱ्या पोरामागे तिचं रजिस्टर धावत नाही.

वहिनीने आधी खिचडी वाढली, मग नाव विचारलं. (हा क्रम मला फार आवडला.) पोराने वाटी चाटूनपुसून साफ केली आणि काही न बोलता परत पुढे धरली.