कलस्सैचे टेकाड आणि गाळलेली वचने

आमची बस कलस्सै या प्राचीन नगराच्या जागी थांबणार नाही, असे मार्गदर्शकाने तुर्कस्तानातल्या देनिझलीच्या हॉटेलात जेवताना जाहीर केले, तेव्हा आलेला राग अजूनही पुरता उतरलेला नाही. "तिथे बघण्यासारखे काहीच नाही," एवढेच कारण त्याने दिले आणि त्याच दमात प्रेषित पौलाने कलस्सैच्या फिलेमोनाला लिहिलेल्या, बायबलातल्या पत्राची गोष्टही आटोपून टाकली: दास पळाला, पौलाने चिठ्ठी दिली, मालकाने क्षमा केली, दोघे भाऊ झाले. वसईहून पौलाच्या पावलांवर म्हणून निघालेल्या आम्हा चाळीसेक भाविकांपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या आणि गोडाची बशी पुढे ओढली.

त्याआधीच्या चार दिवसांबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. इस्तंबूलमध्ये पाय दुखले आणि इफिसमध्ये उन्हाने व गर्दीने जीव नकोसा केला. पामुक्कलेच्या पांढऱ्या पायऱ्यांवर अनवाणी चालताना मला पाण्यापेक्षा फोन उंचावलेले हातच जास्त दिसले. त्या पायऱ्यांच्या माथ्यावर हेरापली आहे, आणि एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ सुमारे इ. स. ५० मध्ये तिथे जन्मला तो गुलाम म्हणूनच, हे मात्र आम्हाला कुणी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गालिच्यांच्या दुकानात गेले असताना मी आणि माझी काकी टॅक्सी करून निघालो. होनाझ गावाच्या अलीकडे शेतांमधून एक रस्ता वळतो, आणि एक फलक, काटेरी झुडपे व एक बुटके, चपटे टेकाड दिसते, तेच कलस्सै. झेनोफोन या ग्रीक इतिहासकाराने इ. स. पू. ४०१ मध्ये ज्याला मोठे आणि भरभराटीचे नगर म्हटले, ज्याच्या लोकरीचा जांभळट रंग शहराच्याच नावाने ओळखला जाई, त्याचे पोट अजून कुणी नीट उघडलेलेही नाही. पूर्वेच्या उतारावर नाट्यगृहाचा खळगा तेवढा ओळखू येतो. दक्षिणेला होनाझचा अडीच हजार मीटरहून उंच डोंगर उभा आहे. मार्गदर्शक खोटे बोलला नव्हता, हे कबूल करायला हवे.

काकीने पिशवीतून मराठी बायबल काढले आणि आम्ही माथ्यावर बसून ती पंचवीस वचने मोठ्याने वाचली. घरी वाचताना न खुपलेल्या गोष्टी तिथे एकेक करून खुपू लागल्या. पहिली म्हणजे 'दास' हा शब्दच. मराठी कानाला तो फार मऊ लागतो, कारण त्याच्यामागे भजनाचा ठेका असतो. ज्योतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना ती अर्पण केली, तेव्हा त्यांनी दुसरा शब्द निवडला होता, आणि पत्रातल्या त्या दासाला, अनेसिमाला, तोच खरा लागू पडतो. त्याच्या नावाचाही अर्थ 'उपयोगी' असा आहे; अवजाराला द्यावे तसे हे नाव गुलामांत सर्रास आढळे. पूर्वी हा तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मलाही उपयोगी झाला आहे, असा विनोद पौल अकराव्या वचनात करतो. तुरुंगातल्या वृद्धाने केलेला विनोद म्हणून मी तो सोडून दिला. अनेसिमाला हसू आले असेल का, हा प्रश्न मात्र सुटला नाही.

पळून गेलेल्या गुलामाला पकडून देण्याचा धंदाच रोमन जगात होता. परत आलेल्याला डाग देणे, बेड्या घालणे हा मालकाचा हक्क समजला जाई. पौलाचा तुरुंग रोममध्ये होता की इफिसमध्ये, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण इफिस धरले तरी जे अंतर आमच्या वातानुकूलित बसने तीनेक तासांत तोडले, ते त्या माणसाने पायी तोडले असणार, आणि तेही सुटकेच्या दिशेने नव्हे, तर मालकाच्या दाराकडे. शिवाय धन्याकडून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला त्याच्या धन्याच्या हवाली करू नको, अशी आज्ञा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहे, आणि परुशी म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी म्हणून वाढलेल्या पौलाला ती ठाऊक नसणे अशक्य आहे.

मात्र पत्र चतुर आहे, हे मान्य करावेच लागते. ते एकट्या फिलेमोनाला नाही. अप्फिया, अर्खिप्प आणि त्याच्या घरी जमणारी मंडळी यांनाही आहे, म्हणजे ते चारचौघांत वाचले जाणार होते. मी आज्ञा करू शकलो असतो पण विनंती करतो, म्हणत पौल त्याला गोड बोलून कोंडीत पकडतो. दास म्हणून नव्हे तर दासाहून अधिक, प्रिय बंधू म्हणून त्याला घे, असे सांगतो. आणि त्याने तुझे काही नुकसान केले असेल वा देणे लागत असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, हे स्वतःच्या हाताने लिहून देतो. वर माझ्यासाठी खोली तयार ठेव, असेही कळवतो. पाहायला येणारा माणूस येणार म्हटल्यावर यजमान काय करील?

"फिलेमोनाने ऐकले नसते, तर हे पत्र त्याने चुलीत घातले असते," काकी म्हणाली. "ज्या अर्थी ते उरले, त्या अर्थी त्याने ऐकले."

"अगं काकी, पण क्षमा कुणी कुणाला करायची? माणूस विकत घेणाऱ्याने त्या माणसाला?"

काकीने उत्तर दिले नाही. तिने कलस्सैकरांस पत्र उघडले. ते पौलाचा सोबती तुखिक याच्याबरोबर अनेसिमानेच या गावी आणले, असे त्यातच म्हटले आहे. एकमेकांची क्षमा करा, दास आणि स्वतंत्र हा भेद उरला नाही, हे त्याच्या तिसऱ्या अध्यायात आहे, आणि त्याच अध्यायात दासांनो, धन्यांच्या आज्ञा पाळा, हेही आहे. दासांना चार वचने, धन्यांना एक. पुढच्या शतकांत त्या चारांचेच वजन पडले असावे. फेलिक्स नावाच्या एका आर्चडीकनच्या, म्हणजे चर्चमधल्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या, गुलामाचा गळपट्टा सार्डिनियात सापडला आहे. त्यावर ख्रिस्ताचे चिन्ह आहे आणि 'मला धरून ठेवा' असा मजकूरही आहे. इफिसला अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस याच्या काळी, दुसऱ्या शतकाच्या आरंभी, अनेसिम नावाचा बिशप होता. तो हाच, असे काकीला मनापासून वाटते. मलाही वाटावे, असे फार वाटते.

खाली टॅक्सीवाला कंटाळून झोपला असेल असे वाटले होते. त्याने होनाझच्या चेरी आणून ठेवल्या होत्या आणि पैसे घ्यायला तो तयार नव्हता. सबंध सहलीत इतका आग्रह आम्हाला दुसऱ्या कुणी केला नाही.

रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, हे पत्र तीन वर्षांतून एकदाच वाचले जाते. गेल्या ७ सप्टेंबरला, २०२५ साली, ते आले आणि योगायोगाने दुसरे वाचन माझ्याकडे होते. छापील पाठात नववे व दहावे वचन आहे, मग बारा ते सतरा. अकरावे, म्हणजे तो विनोद, त्यात नाही, आणि 'मी फेडीन' हे अठरावे व एकोणिसावेही नाही. नुकसानभरपाईचा हिशेब काढून टाकला की समेट किती सोपा होतो, हे मला तिथे उभे राहून कळत होते. दोन वचने पुढे वाचण्याचा निश्चय मी आदल्या रात्री केला होता. सतरावे संपले, मी मान वर केली, पहिल्या रांगेतली काकी माझ्याकडे टक लावून पाहत होती, आणि मी "हा प्रभूचा शब्द" म्हणून जागेवर येऊन बसले.