आमची वाटचाल : टिळकवाडीतला हेज फंड

'बेळगावात बसून हेज फंड? मुंबईला जा,' असं ज्यांनी सांगितलं, त्यांना कळावं म्हणून लिहितोय. हेज फंड म्हणजे बाजार पडतानाही नुकसान आटोक्यात ठेवायला बघणारा फंड. आमचं ऑफिस आजही बेळगावच्या टिळकवाडीतच आहे.

सुरुवात वेल्थ मॅनेजमेंटची, म्हणजे लोकांचे पैसे म्युच्युअल फंडांत गुंतवून देण्याची. निपाणीचे तंबाखूवाले, चिकोडीचे ऊसवाले, उद्यमबागेतले फाउंड्रीवाले ही आमची माणसं. 1 ऑगस्ट 2009 पासून बाजाराची नियामक सेबी, तिनं एंट्री लोड (पैसे गुंतवतानाच कापलं जाणारं शुल्क) बंद केला, 2013 मध्ये मध्यस्थाशिवाय घ्यायचे डायरेक्ट प्लॅन आले, तरी ट्रेलवर, म्हणजे गुंतवणूक टिकेल तोवर मिळणाऱ्या कमिशनवर, घर चालत होतं. पण बाजार पडला की 'थांबा, एसआयपी मोडू नका' यापलीकडे आमच्या हातात काही नसायचं. उद्यमबागेतले आमचे एक काका दर भेटीत एकच विचारायचे, "मिळेल किती ते राहू दे, जाईल किती ते सांग. ओतकामात किती माल रिजेक्शनमध्ये जाईल असं धरायचं, ते मी आधी ठरवतो."

त्या प्रश्नाला उत्तर देता यावं म्हणून आम्ही तिसऱ्या श्रेणीच्या एआयएफकडे (पर्यायी गुंतवणूक निधी; भारतात हेज फंड याच श्रेणीत येतात) वळलो. नियम असे : गुंतवणूकदारामागे किमान 1 कोटी, योजना किमान 20 कोटींची, आणि त्यात आपले स्वतःचे 5 टक्के. त्या टक्क्यांसाठी माझ्या भागीदारानं खानापूर रोडवरचा प्लॉट विकला. घरच्यांची समजूतही त्यानंच काढली, माझ्या घरच्यांचीसुद्धा.

फेब्रुवारी 2020 मध्ये निफ्टी 12,000 च्या आसपास असताना आम्ही मार्च एक्सपायरीचे, म्हणजे मार्चअखेर मुदत संपणारे, 11,500 चे पुट घेऊन ठेवले. पुट हा डेरिव्हेटिव्ह करार; निफ्टी त्या आकड्याखाली गेला की तो फरक भरून देतो. प्रीमियम, म्हणजे पुटची किंमत, हलका करायला खालचा 10,500 चा पुट विकावा, असा मोह होतोच. भागीदार म्हणाला, "नको." 23 मार्चला सकाळीच 10 टक्के घसरणीचं सर्किट लागलं, 45 मिनिटं व्यवहार बंद. टर्मिनलवरचे आकडे थिजलेले, आणि आम्ही दोघं फोन कानाला लावून वहीत डेल्टा, म्हणजे निफ्टी हलला की पुटची किंमत किती हलते ते, मांडतोय. निफ्टी बंद झाला 7,610 ला. खालचा पुट विकला असता तर आमचं संरक्षण 10,500 लाच संपलं असतं.

फंड तगला. घाव बसला तो दुसरीकडून. एका मोठ्या बँकेच्या वेल्थ शाखेतल्या माणसांनी आमच्या गुंतवणूकदारांना एकेक करून फोन केले : "डेरिव्हेटिव्ह म्हणजे सट्टा, लॉकडाऊनमध्ये पैसे अडकतील, आत्ताच काढा." आमची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचं मूल्य, कुणी बघितलीच नाही. रिडेम्पशनचे, म्हणजे पैसे परत मागण्याचे, अर्ज येत गेले आणि योजना 20 कोटींच्या काठावर आली. त्याखाली गेली तर तीन महिन्यांत भरून काढावी लागते, आणि त्या दिवसांत नवा माणूस आणायचा कुठून? काकांचा कारखाना तेव्हा बंद होता. तरी त्यांनी आणखी रक्कम घातली. कारण विचारलं तर म्हणाले, "तू सांगितलेल्या रिजेक्शनच्या आतच आहे."

वेल्थमधून इकडे येऊ पाहणाऱ्या पोरांनो, ग्राहकांच्या यादीवर विसंबू नका. ती नात्यांवर उभी असते आणि एका फोननं हलते. आधी स्वतःच्या पैशांवर रोजची नोंद ठेवा, सगळ्यात मोठा ड्रॉडाऊन (शिखरापासूनची घसरण) किती ते तोंडपाठ ठेवा, आणि परफॉर्मन्स फी, म्हणजे नफ्यातला आपला वाटा, हाय वॉटर मार्क (फंडाचं आधीचं सर्वोच्च मूल्य) ओलांडल्यावरच घ्या. ट्रेलची सवय आधी मोडा. इथे महिन्याच्या महिन्याला आपोआप काही येत नाही.

गेलेल्यांपैकी काही जण परत आले, त्यांना आम्ही घेतलं. त्या शाखेतून मात्र 'चुकलं' असा एक शब्द आजवर आलेला नाही, आणि ते आम्ही विसरलेलो नाही.