पीडीएफ फॉर्ममधील एकाहून अधिक निवडी

आज एका पीडीएफ फॉर्मसाठी जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला. यादीतून निवडलेले सर्व पर्याय शेजारच्या मजकूर-चौकटीत दिसावेत, एवढेच काम होते. लांब यादीत निवडलेले पर्याय वर-खाली सरकवताना नजरेआड जातात, आणि आपण नेमके काय निवडले हे भरणाऱ्याला फॉर्म पाठवण्याआधी दिसलेच पाहिजे, असे मी मनापासून मानते. अ‍ॅक्रोबॅट या पीडीएफ सॉफ्टवेअरमध्ये अशा यादीची ‘व्हॅल्यू’ (निवडलेले मूल्य) एकच पर्याय निवडलेला असताना साधा मजकूर म्हणून मिळते, मात्र दोन किंवा अधिक निवडताच ती अ‍ॅरे (अनेक मूल्यांचा क्रमवार संच) होऊन येते. म्हणून आधी तिचा प्रकार तपासून मगच ‘जॉइन’ या जोडणाऱ्या आज्ञेने स्वल्पविराम घालून जोडणे योग्य. निवडी बऱ्याच असतील तर स्वल्पविरामाऐवजी नवी ओळ अधिक सुवाच्य ठरते, पण त्यासाठी चौकट बहुओळी ठेवावी लागते.