मुलांच्या नर्सिंगमध्ये जायचंय? अनुभवाच्या दाखल्याचं आधी बघा

बी.एस्सी. नर्सिंगच्या ४ वर्षांत मन रमलं ते मुलांच्या वॉर्डात, म्हणून चाइल्ड हेल्थमध्येच एम.एस्सी. करायचं ठरवलं. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, एनआयसीयूतली (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली) नोकरी सगळं सुरळीत झालं. अडलं ते एका कागदावर.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे एम.एस्सी.ला बी.एस्सी.त किमान ५५ टक्के आणि त्यानंतर किमान १ वर्षाचा अनुभव लागतो. आमच्या खासगी रुग्णालयाच्या एचआरने दिलेल्या पत्रात ‘येथे काम करतात’ एवढंच. रुजू तारीख नाही, पद नाही, विभाग नाही. दुरुस्ती मागितली तर मेट्रनकडे, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांकडे पाठवलं. मेट्रन म्हणाल्या, “सही माझी नसते गं.” सही करणारे साहेब रजेवर. ते आले, तर म्हणे राजीनामा दिल्याशिवाय पत्र मिळत नाही! अहो, मी नोकरी सोडत नव्हते, केलेल्या कामाचा दाखला मागत होते. रात्रपाळी संपवून एचआरच्या दाराशी ताटकळायचं, आणि तिकडे एम.एस्सी.च्या अर्जाची तारीख जवळ येतेय म्हणून जीव टांगणीला. जेमतेम किलोभराच्या बाळाला २६ गेजचं कॅन्युला लावायला माझ्यावर भरवसा ठेवता, मग एक तारीख लिहून द्यायला एवढे आढेवेढे कशाला? तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी मजकूर मीच टाइप केला, नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा जोडल्या, लेखी अर्ज देऊन शिक्क्यासह पोच घेतली. पोच हातात आल्यावर मात्र पत्र लगेच निघालं. म्हणून सांगते, तोंडी काही मागू नका. दाखल्यावर पद, विभाग, पूर्णवेळ, तारखा आणि तुमचा नोंदणी क्रमांक हवाच. पगार रोख घेऊ नका, बँकेतली नोंद पुरावा ठरते. मूळ प्रमाणपत्रं कुठेही ठेवून घेऊ देऊ नका.

आणि हो, मुलं आवडतात एवढ्यावर हे क्षेत्र निवडू नका. इथे बहुतेक औषधांचा डोस वजनावर काढावा लागतो, लघवी मोजायला डायपर वजन करावे लागतात, आणि बाळाइतकंच आईला सांभाळावं लागतं. मला तेच आवडतं.

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी डिप्लोमा) केलेल्यांना थेट एम.एस्सी. करता येत नाही, आधी २ वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. लागतं. तेवढा वेळ नसेल तर निओनेटल (नवजात बाळांच्या) नर्सिंगचा १ वर्षाचा डिप्लोमा आहे, पण त्यालाही अनुभवाचा दाखला मागतात.