मरून टी-शर्ट आणि पांढरी मिशी

टी-शर्टवर फोटो मारून द्या म्हणत येणारा माणूस फोटो कुणाचा, केवढा, कधी मिळणार, कितीला पडणार हे सगळं बोलतो, पण कापड कशाचं आहे असं विचारलं की गप्प होतो, नाहीतर "टी-शर्टचं" म्हणतो. गोव्यात म्हापशात माझं छोटं छपाईचं दुकान आहे, कॉफीचे मग, कीचेन, टी-शर्ट, सगळं करते, आणि निम्मी डोकेफोड याच प्रश्नावर होते. यंदा चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर जे झालं ते अजून डोक्यातनं जात नाही म्हणून लिहितेय.

पेडण्याकडचे एक काका आले, सोबत मुंबईहून आलेला पुतण्या, आणि दोन फुगलेल्या पिशव्यांत चाळीसेक मरून टी-शर्ट. त्यांच्या मूळ घरात चवथीला सगळं कुटुंब जमतं, रात्री घुमट, म्हणजे आमचं मातीचं तालवाद्य, वाजवत आरती असते, तर त्या आरतीला पोराटोरांपासून सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालायचे आणि छातीवर आजोबा, मांडीवर घुमट घेऊन बसलेले. फोटो जुना, कृष्णधवल, आणि खरंच भारी. झुपकेदार पांढरीशुभ्र मिशी, नजर थेट कॅमेऱ्यात. फक्त तो भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाईलवर काढलेला, काचेत ट्यूबलाईट चमकतेय, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या चार ग्रुपमधून फिरून पार घासलेला. मी म्हटलं फ्रेममधून बाहेर काढा, स्कॅन करा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पुतण्याने ते संध्याकाळपर्यंत केलं, तेवढं त्याचं मानायला पाहिजे.

मग कापड. "शंभर टक्के कॉटन आहे," म्हणत त्याने लेबल दाखवलं. हाताला ते गुळगुळीत, चकचकीत लागत होतं. मी आतल्या शिवणीतला एक धागा ओढून काढला, चिमट्यात धरला आणि लायटर लावला. कॉटन असेल तर सरळ जळतं, कागद जाळल्यासारखा वास येतो आणि बोटात चुरलं की राख उडून जाते. हा धागा आधी आखडला, मग वितळला आणि टोकाला काळा कडक मणी धरला. काका घाबरून "अगो बाय, हें कितें करता तूं?" आणि पुतण्या माझ्याकडे असा बघतोय जसं मीच मशीनमध्ये पॉलिस्टर मिसळलं. लेबल शिवणाऱ्याला कोण विचारणार, घाऊकवाल्याने कॉटनच्या भावाने पॉलिस्टर गळ्यात मारलं होतं.

आता पॉलिस्टर म्हणजे वाईट असं नाही हं. सब्लिमेशन नावाच्या छपाईला तर पॉलिस्टरच लागतं. त्यातली शाई तापली की पातळ होत नाही, सरळ तिची वाफ होते आणि ती धाग्याच्या आत जाऊन बसते, साधारण 190 ते 200 डिग्रीला पाऊण-एक मिनिट. हात फिरवला तरी प्रिंट लागत नाही, टी-शर्ट फाटेल पण फोटो जाणार नाही. पण सब्लिमेशनमध्ये पांढरी शाईच नसते, फोटोतलं पांढरं म्हणजे खालचं कापड. म्हणजे मरून टी-शर्टवर आजोबांची मिशी मरून. म्हणून गडद कापडाला डीटीएफ, म्हणजे डायरेक्ट-टू-फिल्म. प्लास्टिकच्या फिल्मवर आधी रंग, त्याच्यावर पांढऱ्याचा थर, त्यावर गोंदाची पावडर, ती भाजून घ्यायची आणि मग फिल्म उलटी ठेवून कापडावर 150-160 डिग्रीला दहा-पंधरा सेकंद प्रेस. कॉटन, पॉलिस्टर, मिक्स, सगळ्यावर बसतं.

ऐकायला सोपं वाटतं. ही पांढरी शाई म्हणजे माझ्या आयुष्यातली सासू आहे. तिच्यात टायटॅनियम डायऑक्साईड असतं, ते जड, रोज हलवलं नाही तर तळाला बसतं आणि प्रिंटरचं शाई सोडणारं हेड चोक. वर गोव्याचा पावसाळा. पावडर दमट होऊन तिचे खडे होतात, मग ती जिथे शाई नाही तिथेही चिकटते आणि फोटोभोवती दाण्यादाण्यांची किनार येते. मी पावडर हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवते, टी-शर्टही आधी नुसता पाच-सात सेकंद प्रेस करून त्यातला ओलावा काढते. हे असलं काही गिऱ्हाईकाला दिसत नाही, त्याला फक्त रेट दिसतो.

तर मरून पॉलिस्टर म्हटल्यावर मी सॅम्पल काढून रात्रभर ठेवल्याशिवाय पुढे जात नाही. एक टी-शर्ट केला, संध्याकाळी आजोबा झकास, पुतण्याने लगेच फोटो ग्रुपवर टाकला, पंचवीस अंगठे आले. सकाळी शटर उघडलं आणि हँगरवर बघते तर मिशी गुलाबी. धोतरही गुलाबी. नुसती झाक नाही, चांगली लग्नातल्या सरबतासारखी.

असं होतं कारण गिरणीत पॉलिस्टर ज्या रंगाने रंगवतात तो सब्लिमेशनच्या शाईच्याच जातीचा असतो. उष्णता मिळाली की तोही जागा होतो आणि हळूहळू वरच्या पांढऱ्या थरात चढतो, कधी प्रेसवरच, कधी दुसऱ्या दिवशी. लाल आणि मरून यात सगळ्यात नाठाळ. ज्या गुणामुळे सब्लिमेशन टिकतं तोच गुण इथे माझ्यावर उलटतो. आमचा हेल्पर "टेम्परेचर वाढवून मारूया, कडक चिकटेल" म्हणत होता, त्याला तिथेच थांबवलं, नाहीतर गुलाबीचं डाळिंबी झालं असतं.

काकांना बोलावून दाखवलं. उपाय सांगितले. रंग अडवणारा थर असलेली फिल्म आणि कमी तापमानाला वितळणारी पावडर मिळते, पण ती बाहेरून मागवावी लागते, चवथीच्या आत पार्सल यायची खात्री मी देणार नाही. खरं कॉटन घ्या, मरून मिळेल, पण हे टी-शर्ट परत करा. नाहीतर पांढऱ्या पॉलिस्टरवर सब्लिमेशन, स्वस्तही पडेल. पांढरं म्हटल्यावर काका म्हणाले समईचं तेल आणि खतखत्याच्या भाजीचे डाग कोण धुणार. शेवटी मी म्हटलं फक्त काळ्या रंगात छापू, पांढरं वापरायचंच नाही, उजेडाच्या जागी कापड दिसेल. पुतण्या म्हणाला, "म्हणजे गुलाबी नको आणि मरून मिशी चालेल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घाऊकवाला माल परत घेईना. मग काका एकदम म्हणाले, छाप आहे तसं, आमची जबाबदारी. आणि मी नाही म्हटलं. उद्या ते चाळीस लोक मुंबई-पुण्याला जाणार, कुठे केलं विचारलं की दुकान माझं सांगणार, "जबाबदारी आमची" हे काय टी-शर्टवर छापलेलं नसतं. ते पिशव्या उचलून गेले, दुसऱ्या एका दुकानात छापून घेतले, तिथे कुणी सॅम्पल काढलं नाही की काही सांगितलं नाही.

चवथ झाल्यावर पुतण्याने व्हिडिओ पाठवला. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली सगळे दाटीवाटीने बसलेत, घुमटांचा नुसता दणका आणि चाळीस गुलाबी मिशा. कुणाला काही फरक पडलेला दिसला नाही, पोरं तर आजोबांना "गुलाबी आजो" म्हणतायत म्हणे. नवरा म्हणतो तुझा हट्ट नडला, ऐन सीझनची ऑर्डर घालवलीस. मला अजून तसं वाटत नाही, पण व्हिडिओ मी तीनचारदा बघितला हेही खरं.

परवा काकांचा फोन, पुढच्या चवथीला परत करायचे आहेत, या वेळी तूच कर. मी म्हटलं करते, पण टी-शर्ट माझे, कॉटन, मी आणणार. रेट सांगितला. ते जरा थांबले आणि म्हणाले, "बाय, त्या दुकानात याच्या निम्म्यात झालं होतं गो."