आक्रातला ॲटॉमिकचा स्टॉप

२०१४ साली घानाच्या राजधानीत, आक्रात आले त्याच आठवड्यात भर रस्त्यात कानावर आरोळी आली, "ॲटॉमिक, ॲटॉमिक, ॲटॉमिक!" ट्रोट्रोच्या दारात लोंबकळणारा पोऱ्या ओरडत होता. ट्रोट्रो म्हणजे इथली वडाप, आणि त्या पोऱ्याला इथे मेट म्हणतात. मी बोईसरची. बाबांची सगळी नोकरी तारापूरच्या अणुवीज केंद्रात गेली. आमच्याकडे स्टेशनबाहेर रिक्षावाले 'टॅप्स कॉलनी', म्हणजे त्या केंद्राची वसाहत, म्हणून हाक मारतात, तशीच ही हाक. घरापासून इतक्या लांब, पश्चिम आफ्रिकेत, ती ऐकून मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

ॲटॉमिक हे एका चौकाचं नाव. चौकातून हात्सोवरून पुढे गेलं की क्वाबेन्याच्या बाजूला घानाच्या अणुऊर्जा आयोगाचा मोठा परिसर लागतो. आयोग स्थापन झाला १९६३ साली. म्हणजे देश स्वतंत्र होऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती.

हे मामांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, लाइट नीट नसते म्हणतेस ना तिथे? महाराष्ट्राहून लहान देश, त्याला अणुभट्टी कशाला हवी?"

मामांवर राग नाही, पण हा प्रश्न मला लागला. लाइट नीट नसते म्हणून तर हवी ना!

आम्ही आलो तेव्हा इथे 'डमसॉर' ऐन भरात होता. आपण लोडशेडिंग म्हणतो तेच. 'डम' म्हणजे विझव, 'सॉर' म्हणजे पेटव. आकान भाषेतले दोन शब्द जोडून लोकांनीच हे नाव पाडलं. २०१५च्या सुरुवातीला वेळापत्रक होतं चोवीस तास वीज बंद, बारा तास चालू. वीज नसली की पंप नाही, पंप नाही की गच्चीवरच्या टाकीत पाणी नाही. समोरची बाई कोल्ड स्टोअर चालवायची, म्हणजे गोठवलेले मासे आणि कोंबडी विकायचं दुकान. एकदा पहाटे ती फ्रीझर उघडून उभी होती. बर्फाचं पाणी उंबऱ्यावरून रस्त्यावर वाहत होतं आणि ती एकेक मासा उचलून डोळे बघत होती, बोटानं कल्ला उघडून आतला रंग बघत होती. निम्मे तिनं बाजूला काढले. त्या मे महिन्यात आक्रात हजारो लोक हातात मेणबत्त्या आणि कंदील घेऊन रस्त्यावर उतरले, त्यात तीही होती.

वीज का गेली, याचं उत्तर दोन ठिकाणी होतं. एक व्होल्टा नदीवरचं अकोसोम्बो धरण. १९६६च्या जानेवारीत त्याचं उद्घाटन झालं, आज त्याची क्षमता १,०२० मेगावॉट आहे. पाऊस कमी झाला, तलाव उतरला की जनित्रं थांबवावी लागतात. कोयना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. दुसरं म्हणजे गॅस. नायजेरियाहून समुद्राखालून नळानं गॅस येतो. २०१२च्या ऑगस्टमध्ये टोगोच्या किनाऱ्याजवळ एका जहाजाच्या नांगरानं तो नळच फाटला आणि कित्येक महिने गॅस बंद. एक नांगर, आणि शेजारच्या देशात अंधार.

तेव्हा अणुऊर्जेची इच्छा ही इथे मिरवायची गोष्ट नाही. शिवाय ती फार जुनी आहे. १३ फेब्रुवारी १९६० रोजी फ्रान्सनं सहारात अल्जीरियातल्या रेगान इथे पहिला अणुस्फोट केला. थंडीच्या महिन्यांत सहाराकडून हरमाटान नावाचा कोरडा वारा इथे येतो. सकाळी गॅलरीतली दोरी पुसली तर फडकं तांबूस होतं, ओठ फुटतात, सूर्य दुधाळ दिसतो. त्या वाऱ्याबरोबर आपल्या लेकरांच्या ताटात काय येतंय, हा प्रश्न तेव्हाच्या घानाला पडला. पंतप्रधान क्वामे एन्क्रुमांच्या सरकारनं फ्रेंच मालमत्ता गोठवली आणि किरणोत्सारी धूळ मोजायची व्यवस्था उभी केली. या देशातलं अणुविज्ञान असं, अंगणात पडणारी धूळ मोजण्यातून सुरू झालं. मला ही सुरुवात फार मोठी वाटते.

मग २५ नोव्हेंबर १९६४ला एन्क्रुमांनी क्वाबेन्यात सोव्हिएत मदतीच्या संशोधन अणुभट्टीची कोनशिला बसवली. आमच्या हेतूबद्दल लोक गैरसमज करून घेतील हे ठाऊक आहे, पण पुढारलेल्या देशांना गाठायचं तर या शास्त्रात उतरणं भाग आहे, असं त्यांनी भाषणात मोकळेपणानं सांगितलं. पंधरा महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १९६६ रोजी, ते परदेशात असताना लष्करानं सत्ता घेतली. भट्टीचं काम थांबलं ते थांबलंच.

पण आयोग मोडला नाही, आणि शेवटी १९९४च्या डिसेंबरात घानाची पहिली अणुभट्टी चालू झाली. कोनशिलेनंतर तीस वर्षांनी.

ती भट्टी कशी आहे हे मला घरमालकिणीच्या भाचीनं समजावलं. त्याच परिसरात घाना विद्यापीठाची अणुविज्ञानाची पदव्युत्तर शाळा आहे, तिथे ती शिकली. एका रविवारी ती आमच्या स्वयंपाकघरात बसली होती. "सिस्टर, कागद आहे?" मी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर दिलं. मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं आधी विहिरीसारखा हौद काढला, हौदात उभं पिंप आणि पिंपाच्या तळाशी एक छोटा डबा. "हा गाभा. तुमच्या त्या डब्याएवढा." बोट माझ्या पोह्यांच्या डब्याकडे. उंची आणि व्यास जेमतेम २३ सेंटीमीटर. चिनी बनावटीची, मुळात ३० किलोवॉटची भट्टी. पंधरा गिझर मिळून जेवढी उष्णता देतील तेवढीच, त्यामुळे हिच्यापासून वीज बनत नाही. थंड ठेवायला पंपही लागत नाही. तापलेलं पाणी आपोआप वर जातं, गार पाणी खाली येतं.

मग या भट्टीचा उपयोग काय? मातीचा, सोन्याच्या खनिजाचा किंवा माशाचा चिमूटभर नमुना कुपीत घालून हवेच्या दाबानं नळीतून गाभ्याजवळ पाठवायचा. या कुपीला ते 'रॅबिट' म्हणतात. परत आल्यावर तिच्यातून निघणारे किरण मोजले की नमुन्यात पारा किती, आर्सेनिक किती, ते कळतं. ज्या देशात सोन्याच्या खाणींनी नद्या गढूळ झाल्यात, तिथे ही माहिती किती मोलाची आहे बघा. त्याच परिसरात कोबाल्टच्या गॅमा किरणांची सोय आहे. याम नावाच्या कंदाला कोंब फुटू नयेत म्हणून त्यांचे प्रयोग झाले. मी तिला लासलगावच्या कांद्याचं सांगितलं, तिथेही भाभा केंद्रानं कांद्यासाठी असंच केंद्र उभारलं. "म्हणजे तुमचा कांदा आणि आमचा याम भाऊ-भाऊ," ती म्हणाली.

या भट्टीतलं मूळ इंधन ९० टक्के समृद्ध युरेनियम होतं, म्हणजे बॉम्बला चालेल असं, जेमतेम किलोभर. २०१७ साली ते काढून विमानानं चीनला परत पाठवलं आणि १३ टक्क्यांचं इंधन भरलं. चीनबाहेर या जातीच्या भट्टीचं असं रूपांतर करणारा घाना पहिला देश. धोक्याची वस्तू हातात असताना ती स्वतःहून परत देणाऱ्या देशाला 'तुम्हाला कशाला हवी' असं विचारायचं?

आपल्यालाही ते विचारलं गेलंच की. १९५६ला तुर्भ्याला 'अप्सरा' सुरू झाली तिचं इंधन ब्रिटनमधून आलं, १९६९च्या तारापूरच्या भट्ट्या अमेरिकेनं दिल्या. सुरुवातीला सगळेच दुसऱ्याच्या हाताला धरून चालतात.

वीज देणारी भट्टी मात्र घानात अजून कागदावरच आहे. २०१५ साली नियामक संस्थेचा कायदा झाला, २०१७ला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं पथक तयारी तपासून गेलं, २०२४ला लहान भट्ट्यांसाठी एका अमेरिकी कंपनीबरोबर करार झाला. लहानच का, याचं भाचीनं दिलेलं कारण मला पटलं. देशाची एकूण मागणी ४,००० मेगावॉटच्या आसपास. त्यात एकच १,००० मेगावॉटची भट्टी बसवली आणि ती अचानक बंद पडली, तर एका क्षणात पाव वीज गेली, सगळा देश अंधारात. पैशाचं कोडं याहून अवघड आहे. कर्जाखाली वाकलेल्या देशानं अब्जावधी डॉलर आणायचे कुठून? वीज स्वस्त मिळेल असं कुणी सांगितलं तर मी लगेच मान डोलावणार नाही.

आणि जागा. घानाच्या पश्चिम विभागातलं न्सुबान हे गाव पहिल्या पसंतीचं ठरलंय. हे ऐकल्यावर माझ्या पोटात कालवलं. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. माझ्या वर्गातली एक मैत्रीण तिथली. आमच्या घरात दिवा त्या केंद्राच्या पगारावर लागायचा, आणि तिचं घर त्याच केंद्रासाठी गेलं. मला अणुवीज हवी आहे, मनापासून हवी आहे, म्हणूनच हे मी भाचीपासून लपवलं नाही. इथे अकोसोम्बोनं सुमारे ८०,००० माणसं हलवली होती, ते तिला पाठ होतं. तारापूरचं नव्हतं.

तिनं भराभर विचारलं. नवी घरं कुठे दिली? समुद्रापासून किती लांब? होड्यांचं काय झालं? मला सगळं येईना, म्हणून बाबांना फोन लावून स्पीकरवर टाकला. बाबा मोडक्या इंग्रजीत पाऊण तास बोलले. समुद्रावर जगणाऱ्याला समुद्रापासून दूर घर दिलं की काय होतं, ते सांगताना मध्येच मराठीत आले. मी भाषांतर करत होते.

फोन ठेवल्यावर तिनं कॅलेंडर पुन्हा पुढ्यात ओढलं. हौदाच्या चित्राशेजारी 'न्सुबान' लिहिलं, त्याच्याखाली रेघ मारली आणि म्हणाली, "सिस्टर, त्या दोन गावांची नावं सावकाश सांगा."

पोफरण तिनं दोनदा खोडून तिसऱ्यांदा बरोबर लिहिलं.