मुसळधार पावसातलं बेळगाव: मांडे, मटण आणि वाइन

जुलै-ऑगस्टात बेळगावला जाणारे बहुतेक जण गोकाकचा धबधबा नाहीतर चोर्ला घाट गाठतात. दोन्ही जागा सुंदर आहेत, पण पाऊस खरंच धरला की घाटात धुकं उतरतं आणि पुढची गाडीसुद्धा दिसत नाही. आम्ही दोघांनी तो अख्खा दिवस गावातच, खाण्यापिण्यावर घालवला. अशा पावसात बेळगावची खरी मजा जेवणाच्या टेबलाशी आहे, असं माझं ठाम मत झालंय.

मिरजेहून रेल्वेनं गेलो. वाइन घ्यायची असेल तर गाडी घरीच ठेवा आणि मुक्काम कॅम्पात, म्हणजे जुन्या छावणी भागात करा. स्टेशन जवळ पडतं, रिक्षा मिळते आणि रात्री जेवून पायी परतता येतं. पाट्या कन्नडमध्ये असल्या तरी खडेबाजारात मराठी सगळीकडे चालते.

सकाळी शहापुरात राहणाऱ्या मावसबहिणीनं मांडे करणाऱ्या एका घरी नेलं. दारात छत्री मिटतोय तोवर आतून हाक आली, "पाऊस लागालाय, आत या की ओ ताई!" पिठीसाखर आणि खसखस भरलेली पारी लाटून बाई ती हातांवर अशी फिरवत होत्या की बघता बघता ती परातीएवढी झाली, आणि कुठे फाटली नाही. मग चुलीवरच्या पालथ्या कढईवर टाकली. मांडा गरम आहे तोवरच घडी घालावी लागते, गार झाला की कडक होतो. पावसाळी हवेत तो लगेच सादळतो, म्हणून घेताना प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घ्या आणि डब्यात ठेवा.

दुपारी झणझणीत मसाल्याच्या सावजी खानावळीत मटण आणि खिम्याचे गोळे खाल्ले. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, आणि पोटात थोडी जागा ठेवा. संध्याकाळी लागते.

संध्याकाळचं टेबल कॅम्पातल्या एका चांगल्या रेस्टॉरंटमध्ये आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. फोनवर एवढंच विचारायचं: कुठल्या वाइन आहेत, आणि ग्लासनं देता का? अख्खी बाटली घ्यावी लागली तर चव बघण्याचा कार्यक्रम महागात पडतो. आम्हाला चार प्रकार थोडे थोडे मिळाले.

मी तासगावची, द्राक्षबागेत वाढलेली, त्यामुळे या विषयात मला फार रस. बेळगावात पाऊस कोसळत असताना दोनशेएक किलोमीटरवरच्या विजयपुरात तो बेताचाच असतो, वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर. सह्याद्री ढग अडवतो, पलीकडे पर्जन्यछाया, आणि तिथेच द्राक्ष पिकतं. पावसाळ्यात मात्र बागेला फक्त पाला असतो. एप्रिलात खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या खरडून छाटणं, पावसाळा सरताना फळ धरण्यासाठीची फळछाटणी आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणून जुलैत वायनरी बघायला जाऊ नका, तेव्हा वाइन गावात बसूनच चाखावी. वाइन उद्योगाला चालना देणारं महाराष्ट्राचं धोरण २००१ चं, कर्नाटकाचं त्यानंतर, २००७ चं. विजयपूरकडच्या कृष्णा खोऱ्याची वाइन अजून नाशिकइतकी लोकांच्या तोंडी नाही, पण आम्ही घेतलेली तिकडची शिराझ ही लाल वाइन मला मनापासून आवडली. काळ्या मिरीचा स्पष्ट वास होता तिला.

आधी पांढरी, मग लाल, शेवटी गोड, असा क्रम ठेवा. पेला पांढऱ्या कपड्यावर तिरका धरून रंग बघा, हलकेच फिरवून वास घ्या, मग लहान घोट तोंडात घोळवा. लाल वाइन फार गार नको, पण कोमटही नको. वेटरला सांगून पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायला लावली, तेवढ्यानं ती खुलली.

जेवणाशी जोडी जमवताना तिखटाकडे लक्ष द्या. सुक्या मटणाबरोबर आम्ही आधी अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सांजोवेसे ही लाल वाइन घेतली. लाल वाइनचा तुरटपणा आणि मिरची एकत्र आले की जीभ जास्तच पेटते, अगदी तसंच झालं. तोच घास शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनबरोबर घेतला आणि मसाल्यातलं सुकं खोबरं, लवंग वेगवेगळं कळायला लागलं. लालसाठी नुसतं भाजलेलं, कमी तिखट मटण मागवा. शिराझ त्याच्याबरोबरच खुलली.

शेवटी कुंदा. दूध आटवून, साखर करपू न देता तांबूस रंगावर आणलेला, दाणेदार. त्याच्याबरोबर कोरडी, म्हणजे गोड नसलेली वाइन आंबट लागते. नाशिकच्या सुलाची लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची शेनिन घेतली, तिच्यात मधासारखा गोडवा असतो, आणि कुंद्याच्या खरपूसपणाशी ती सुरेख जुळली. हा घास चुकवू नका.

जायच्या आधी ड्राय डे नक्की तपासा. २ ऑक्टोबर तर असतोच, आणि गणेश विसर्जनाच्या दिवशी इथे दारूबंदी लागू होते. गोव्याहून चोर्ल्यामार्गे बाटल्या भरून आणण्याच्या फंदात पडू नका, वाटेत अबकारीवाले गाड्या तपासतात. कुंदा निघायच्या दिवशीच घ्या आणि घरी पोहोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा.